पेठेतला सराव बंद पडू देऊ नका

सोलापूरकरांनो, लांब लिहितेय, पण पूर्ण वाचा आणि जमलं तर तुमच्या मंडळाच्या ग्रुपवर टाका.

गणपती जवळ आले की आपल्या गावात दरवर्षी एकच वाद पेटतो. डीजे हवा की नको? मग आवाजाची मर्यादा, पोलिसांच्या बैठका, गुन्हे दाखल होणं, सगळं ओळीनं येतं. आवाजाबद्दल मलाही बोलायचं आहे, पण नंतर. डीजेमुळे मिरवणुकीचा एक दिवस बिघडतो, हे सगळ्यांना दिसतं. त्याच्या आधीचे लेझीमच्या सरावाचे दोन महिने पेठेतून नाहीसे होतात, ते कुणाला दिसत नाही. माझी सगळी तळमळ त्या दोन महिन्यांसाठी आहे.

ज्यांनी सोलापुरातला लेझीमचा सराव पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. जेवणं उरकली की शाळेच्या पटांगणात, नाहीतर बोळाच्या तोंडाशी पोरं जमतात. कुणीतरी कागद, काटक्या पेटवून हलगी शेकत बसलेला असतो. वस्तादाची शिट्टी झाली की रांगा लागतात. जुनी, हात बसलेली पोरं पुढं, यंदा पहिल्यांदा आलेली मागं. एक डाव बसला की दुसरा. ज्याचं पाऊल चुकतं त्याला शेजारचाच कोपरानं ढोसतो, आणि वस्ताद पुन्हा पहिल्यापासून घेतो. यंत्रमागावर दिवसभर उभा राहिलेला, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा, दुकानात वडिलांच्या हाताखाली बसणारा, असे सगळे एकाच रांगेत असतात. घरी कन्नड, तेलुगू, मराठी, उर्दू यातलं काहीही बोलत असोत, हलगीचा ठेका सगळ्यांना सारखाच कळतो. सराव संपल्यावर पोरं तिथंच कट्ट्यावर तासभर बसतात. कुणाच्या घरी कोण आजारी आहे, कुणाचं काम सुटलंय, कुणाला रक्त लागतंय, हे त्या कट्ट्यावर कळतं. विसर्जनाच्या दिवशी शंभर-दीडशे जणांची रांग एका तालात वाकते आणि उठते ना, ती त्या रात्रींमुळे.

डीजेला यातलं काहीच लागत नाही. सुपारी द्यायची, ट्रक येतो, भिंतीसारखे स्पीकर रचले जातात. पेठेतल्या कुणाला काही शिकावं लागत नाही, कुणाला कुणाची वाट बघावी लागत नाही. पोरं त्या दिवशी येतात, समोर नाचतात आणि घरी जातात. दुसऱ्या दिवशी शेजारच्या बोळातल्या पोराचं नावही माहीत नसतं. मंडळ तेच, गणपती तोच, वर्गणी तर आधीपेक्षा जास्त. पण पेठ म्हणून जे एकत्र येणं होतं, ते गेलेलं असतं.

मी हे एवढ्या खात्रीनं बोलते कारण आपल्याच गावात दुसरं उदाहरण डोळ्यासमोर आहे. गड्डा.

बाहेरच्या मित्रमैत्रिणींसाठी थोडक्यात: बाराव्या शतकातले शिवयोगी सिद्धरामेश्वर हे सोलापूरचं ग्रामदैवत. त्यांनी गावाभोवती 68 लिंगांची स्थापना केली, तळं खोदवलं, कन्नडमध्ये वचनं लिहिली. एका कुंभारकन्येनं त्यांच्याशी लग्न करायची इच्छा धरली. ते योगी, म्हणून त्यांनी तिला आपल्या योगदंडाशी लग्न करायला सांगितलं, अशी कथा आहे. तो लग्नसोहळा आपण आजही दर संक्रांतीला करतो. संक्रांतीच्या दोन दिवस आधी, बहुतेक वर्षी 12 जानेवारीला, नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, 68 लिंगांना तेलाभिषेकासाठी निघतात. आपल्याकडे त्याला यण्णीमज्जन म्हणतात. भोगीला संमती कट्ट्यावर अक्षता, संक्रांतीला होम, त्यानंतर शोभेचं दारूकाम आणि शेवटी कप्पडकळी, म्हणजे नंदीध्वजांची वस्त्रं उतरवण्याचा विधी. होम मैदानावर पाळणे, खेळण्यांची दुकानं, खाण्याच्या गाड्या लागतात ती जत्रा म्हणजे गड्डा, पण आपण सगळ्या यात्रेलाच गड्डा म्हणतो.

आता यात बघा. सात नंदीध्वज. त्या उंच काठ्या उभ्या पेलत गावभर न्यायच्या. हे काम पैसे देऊन बाहेरून आणलेल्या माणसाकडून होत नाही. काठ्यांचे मान वेगवेगळ्या समाजांकडे आहेत, पहिल्या काठीपासून मातंग समाजाच्या मानाच्या काठ्यांपर्यंत. काठी पेलणारी पोरं आधीपासून सराव करतात, कारण काठी कलली तर सावरायला शेजारच्याचा हात तिथं असावाच लागतो. पांढरी बाराबंदी घालून बापाचं बोट धरून चालणारी पोरं उद्या त्याच काठीखाली येणार असतात. होमाच्या रात्री वासराची भाकणूक असते. भुकेल्या वासरापुढं चारा, धान्य ठेवायचं आणि त्याच्या वागण्यावरून वर्षाचा पाऊसपाणी सांगायचं. भाकणुकीवर माझा विश्वास आहे का, असं कुणी विचारलं तर मी नाही म्हणेन. पण त्या थंडीत वासराकडे डोळे लावून उभ्या असलेल्या शेतकऱ्यांबद्दल मला मनापासून आदर वाटतो. ज्यांच्या घरी पाऊस हा रोजचा प्रश्न आहे, त्यांच्यासाठी ती रात्र आहे.

भोगीला "सत्यम् सत्यम्, दिड्डम् दिड्डम्" कानावर पडलं की हजारो हातांतून अक्षता पडतात. त्या गर्दीत कन्नड न कळणारे असंख्य असतात, पण हात कुठल्या क्षणी उचलायचा हे लहान पोरालाही माहीत असतं. पुण्यात नोकरीला गेलेली आपली पोरं दिवाळीला एखाद् वेळेस येणार नाहीत, पण अक्षतेला हुतात्मा एक्स्प्रेस पकडून येतात. 2021 साली कोरोनामुळं मोजक्या लोकांतच विधी झाले, तेव्हा अख्खं गाव घरात बसून कसं कासावीस झालं होतं, ते आपण सगळ्यांनी अनुभवलंय.

आणि ती हुतात्मा एक्स्प्रेस ज्यांच्या नावानं धावते, त्यांचा दिवसही 12 जानेवारीच. 1930 साली इंग्रजांनी या गावावर मार्शल लॉ लादला. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्याला फाशी दिलं. एकाच गावातले चौघे, चार वेगवेगळ्या घरांतले. या गावाला एकत्र उभं राहायची सवय आहे, ती कुठल्या भाषणानं लागलेली नाही. गिरण्यांच्या पाळ्यांत, तालमींत, काठीखाली, लेझीमच्या रांगेत लागली. गिरण्या तर गेल्या. तालमी थोड्या उरल्या. आता लेझीमही सोडायची म्हटलं तर पोरांनी एकमेकांना भेटायचं कुठं?

मला नेहमी ऐकवलं जातं, "ताई, पोरांना आता वेळ कुठाय? त्यांना डीजेच आवडतो." वेळेचं मला पटत नाही. तीच पोरं रात्री बारापर्यंत मोबाईलवर असतात. आवडीचं म्हणाल तर ज्यानं कधी लेझीम हातात धरली नाही त्याला ती आवडावी कशी? त्याच्या हातात आपण दिलीच नाही. आणि कार्यकर्त्यांनो, खरं सांगा, डीजे सोपा पडतो म्हणून आणता ना? सराव घ्यायचा म्हणजे वस्ताद शोधा, पोरांना घरातून बोलवा, रुसवेफुगवे काढा. डीजेला एक फोन पुरतो.

आता आवाजाचं. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालापासून आहेत. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा. ट्रकवरचा साउंड तिच्या कितीतरी पलीकडे जातो, हे खिडकीची काच थरथरलेल्या प्रत्येक घराला माहीत आहे. पाळण्यातलं बाळ, हृदयविकाराचा आजोबा, रात्रपाळी करून झोपलेली नर्स यांनी त्या दिवशी कुठं जायचं? मिरवणुकीतल्या लेझरच्या झोतामुळं डोळ्यांच्या पडद्याला इजा झाल्याच्या बातम्याही महाराष्ट्रभरातून आल्या. त्या डोळ्यांत मिरवणूक बघायला आलेल्या लहान पोरांचेही डोळे असू शकतात. आणि हे फक्त गणपतीपुरतं नाही. आपल्याकडे शिवजयंती, आंबेडकर जयंती आणि इतर महापुरुषांच्या जयंत्याही तितक्याच दणक्यात होतात, तिथंही हेच. कुठल्या एका समाजाकडं बोट दाखवून हा प्रश्न सुटणार नाही.

मी लहान असताना मुलींना लेझीमच्या सरावात घेत नसत. आम्ही ओट्यावरून बघायचो आणि घरात येऊन लाटण्यानं डाव करायचो. मला फार वाईट वाटायचं, अजून वाटतं. आता माझी भाची पहिल्या रांगेत खेळते. तिच्या सरावाला मी जाऊन बसते. लेझीम मुलींसाठी खुली झाली आणि नेमकी त्याच वेळी बंद पडायला लागली, हे मला अजिबात सहन होत नाही.

म्हणून मंडळांच्या अध्यक्षांना हात जोडून सांगते. यंदाच्या साउंडच्या पैशातून लेझीम, हलग्या, ताशे घ्या आणि उरलेले वस्तादाला मानधन द्या. ही माणसं वर्षानुवर्षं फुकट शिकवत आली आहेत. मुलींची वेगळी वेळ ठेवा, म्हणजे घरचे पाठवतील. मैदानावर दोन दिवे जास्त लावा. शाळांनी संध्याकाळी पटांगण उघडून द्यावं. मिरवणुकीचं बक्षीस देणाऱ्यांनी देखावा आणि रोषणाई बघण्याआधी मंडळाच्या स्वतःच्या पेठेतले किती जण खेळले ते मोजावं आणि त्यालाच सगळ्यात जास्त गुण द्यावेत. पहिल्या वर्षी वीसच पोरं आली तरी चालवा. तुमच्या पेठेत सराव चालू असेल तर खाली जागा आणि वेळ लिहा. पुण्याहून शनिवार-रविवार येणाऱ्या पोरांनाही कळू दे.