मोठे झाले की कल्ले जातात? सगळ्यांचे नाही

पावसाळा लागला की बेडकाच्या जीवनचक्राचं एक चित्र हमखास फिरतं. खाली मजकूर: ‘सर्व उभयचर लहानपणी कल्ल्यांनी श्वास घेतात. मोठे झाले की कल्ले गळून पडतात आणि त्या जागी फुप्फुसे येतात.’ चित्र छान आहे. मजकुराचं मात्र कठीण आहे.

‘गळून पडतात’ हे आधी घेऊ. कल्ले तुटून पाण्यात पडत नाहीत. थायरॉइडचं संप्रेरक वाढतं, कल्ल्यांच्या पेशी मरतात आणि शरीर त्या शोषून घेतं. शेपटीचंही तेच होतं. बेडकाच्या पिल्लाचे बाहेरचे, पिसांसारखे कल्ले तर जन्मानंतर थोड्याच दिवसांत जातात आणि कातडीच्या पडद्याआडचे आतले कल्ले काम सुरू करतात. रूपांतरात जातात ते हे दुसरे.

‘त्या जागी फुप्फुसे’? बहुतेक बेडूकमाशांना ती कल्ले असतानाच असतात. डबक्यापाशी जरा वेळ बसा, हवेचा घोट घ्यायला वर येणारे दिसतील. आणि अमेरिकेतल्या प्लेथोडॉन्टिड कुळातल्या सॅलमँडरना (सॅलमँडर म्हणजे पालीसारखे दिसणारे, शेपटीचे उभयचर) मोठेपणीही फुप्फुसं नसतात. कातडी आणि तोंडातलं अस्तर यांवरच त्यांचं भागतं.

खरी गंमत ‘सर्व’ या शब्दात आहे. कल्ले गमावणाऱ्यांना प्राणिशास्त्रात ‘कॅड्यूसिब्रँकिएट’ म्हणत, जन्मभर टिकवणाऱ्यांना ‘पेरेनिब्रँकिएट’. मेक्सिकोच्या सोचिमिल्को सरोवरातला अॅक्सोलॉटल हा सॅलमँडर दुसऱ्या गटातला: मानेशी लालसर झुपके मिरवत अंडी घालतो, तसाच म्हातारा होतो. 1864 मध्ये मेक्सिकोहून काही अॅक्सोलॉटल पॅरिसला आले. पुढच्या वर्षी फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ ऑग्युस्त द्युमेरील यांच्या देखरेखीखाली त्यांना पिल्लं झाली आणि त्यातल्या काहींचे कल्ले चक्क आक्रसून गेले, जमिनीवरचे सॅलमँडर तयार झाले! पुढे कळलं की थायरॉइडचं संप्रेरक दिलं तर अॅक्सोलॉटलचं रूपांतर घडवता येतं. स्लोव्हेनियाच्या गुहांतला ओल्म हा सॅलमँडर मात्र त्यालाही दाद देत नाही. त्याचे कल्ले तसेच राहतात.

‘लहानपणी कल्ल्यांनी’ हेही सगळ्यांना लागू नाही. सह्याद्रीतले राओर्चेस्टिस गटातले इवलेसे झुडुपी बेडूक पानांवर किंवा ओल्या पाचोळ्यात अंडी घालतात. पाण्यात पोहणारा बेडूकमासा हा टप्पाच तिथे नाही; अंड्यातून थेट चार पायांचं पिल्लू बाहेर येतं.