'रूल्स डोन्ट अप्लाय'मधला हॉवर्ड ह्यूज खरा नाही, सोयीचा आहे

वॉरन बीटींचा 'रूल्स डोन्ट अप्लाय' (2016) आपटला खरा, पण अमेरिकन उद्योगपती, वैमानिक आणि चित्रपटनिर्माता हॉवर्ड ह्यूजची उतरती वर्षं प्रामाणिकपणे दाखवणारा तोच एक सिनेमा आहे, असं मत चित्रपटप्रेमींमध्ये पुन्हा पुन्हा फिरतं. ह्यूजवरचा आधीचा सिनेमा 'दि एव्हिएटर' 1947 पाशी थांबतो, त्यामुळे पुढच्या काळावर चित्रपट हवाच होता. पण या मताच्या बाजूने दिले जाणारे मुद्दे तपासले की एकेक गळून पडतो.

"सनावळी थोडी इकडची तिकडे केली, एवढंच." थोडी नाही. सिनेमा उघडतो 1964 मध्ये, अकापुल्कोत. एका लेखकाने ह्यूजला भ्रमिष्ट ठरवलंय आणि ते खोडून काढायला तो पत्रकारांशी फोनवर बोलणार आहे. असा फोन झाला 7 जानेवारी 1972 ला. ह्यूज बहामातल्या पॅरडाइज आयलंडवर, सात पत्रकार लॉस एंजेलिसमध्ये, आणि विषय लेखक क्लिफर्ड अर्विंगने ह्यूजच्या नावाने रचलेल्या बनावट आत्मचरित्राचा. अकापुल्कोत ह्यूज राहायला गेला फेब्रुवारी 1976 मध्ये, मरणाच्या दोन महिने आधी. इंग्लंडमध्ये त्याने पुन्हा विमान हाती घेतलं ते 1973 मध्ये. सिनेमात तेही 1964 च्या आधी उरकतं. सिनेमातली नवोदित अभिनेत्री मार्ला 1958 मध्ये हॉलिवूडला येते आणि तो तिला लग्नाची मागणी घालतो, पण अभिनेत्री जीन पीटर्सशी त्याचं लग्न जानेवारी 1957 मध्येच झालं होतं.

रंजक गोष्ट कधी तपासू नये, हे ह्यूजच्या नावावरचं वाक्य सुरुवातीलाच पडद्यावर येतं, म्हणून सगळं माफ, असंही सांगतात. दिग्दर्शकाने तारखा बदलाव्यात, त्याला हरकत नाही. पण या माणसाच्या बाबतीत कशानंतर काय घडलं, यातच त्याचं दुखणं आहे. क्रम मोडला की कारण हरवतं.

त्यातूनच दुसरा मुद्दा येतो: "विक्षिप्तपणा हा त्याचा स्वभावच होता, बीटींनी तो मायेने रंगवला." 7 जुलै 1946 ला ह्यूज एक्सएफ-11 या विमानाची पहिली चाचणी घेत होता. त्याच्या प्रत्येक इंजिनावर एकमेकांच्या उलट दिशेने फिरणारे दोन-दोन पंखे होते. उजव्या बाजूला तेलगळती झाली, मागच्या पंख्याच्या पात्यांचा कोन उलटला आणि तो पुढे ओढण्याऐवजी मागे रेटू लागला. विमान उजवीकडे खेचलं जाऊन बेव्हर्ली हिल्समधल्या घरांवर कोसळलं. बरगड्या मोडल्या, गळ्याजवळचं हाड चिरडलं, फुप्फुस बसलं, अंग भाजलं. वेदनेसाठी आधी मॉर्फिन, मग कोडीन. ते कोडीन शेवटपर्यंत सुटलं नाही.

जंतूंची भीती त्याला आधीपासून होती, ती पुढे वाढत गेली. फळांचा डबा कसा उघडायचा याच्या त्याने नोकरांना दिलेल्या लेखी सूचना उपलब्ध आहेत. टप्पे नऊ: टेबल मांडण्यापासून काम आटोपण्यापर्यंत. आधी डब्यावरचा कागद भिजवून काढायचा. मग साबणाचा फेस करून, डब्याच्या वरच्या कडेपासून दोन इंच खालून ब्रशने घासायचं, कागदाचा कणन्‌कण निघेपर्यंत थांबायचं नाही. हात धुणं हा वेगळा टप्पा आणि डब्याजवळ असताना पाळायचे नियमही वेगळे. एवढं लिहून काढणाऱ्याला किती धास्ती वाटत असेल! सिनेमा मात्र केळं-अक्रोडाच्या आइस्क्रीमचा हट्ट उचलतो, कारण त्यावर हशा मिळतो. तो किस्साही मुळात लास व्हेगासमधला, म्हणजे 1966 नंतरचा.

5 एप्रिल 1976 ला तो विमानातच वारला. सहा फूट चार इंच उंचीच्या माणसाचं वजन जेमतेम 42 किलो होतं आणि एक्स-रेमध्ये दंडात मोडून राहिलेल्या इंजेक्शनच्या सुया दिसल्या. मूत्रपिंडं निकामी झाली होती. ओळख पटवायला बोटांचे ठसे घ्यावे लागले. मायेने रंगवायचं तर इथवर यायला हवं होतं.

"ह्यूजच्या भूमिकेतले बीटी हुबेहूब म्हातारे ह्यूज वाटतात." 1958 मध्ये ह्यूज 52 वर्षांचा होता. चित्रीकरणाच्या वेळी बीटींनी पंचाहत्तरी ओलांडली होती आणि ह्यूज सत्तरीतच वारला. ऐन पन्नाशीतला माणूस स्वतःला खोलीत कोंडून घेतो, यातला धक्का इथे जाणवतच नाही. बीटींच्या वयात विसराळूपणा साहजिकच वाटतो.

"धंद्यातली हुशारी तरी नीट दाखवलीय." भेटीसाठी ताटकळणारे बँकवाले इथे विनोदापुरते येतात. जेट विमानांच्या कर्जापायी 1960 अखेरीस टीडब्ल्यूए या विमान कंपनीचा ताबा ह्यूजच्या हातून गेला. पुढच्या वर्षी कंपनीनेच त्याच्यावर दावा लावला. साक्षीला तो आलाच नाही, म्हणून 1963 मध्ये निकाल विरुद्ध गेला. आपलेच शेअर 1966 मध्ये विकून त्याने सुमारे 54.6 कोटी डॉलर मिळवले, आणि तो निकाल 1973 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फिरवला. लोकांसमोर न येण्यासाठी एवढं पणाला लावणारा माणूस हा खरा कथाविषय होता.

राहिला शेवटचा मुद्दा: "सिनेमा आपटला तो जाहिरात आणि प्रदर्शनाच्या तारखेमुळे." सिनेमा डिस्नेच्या 'मोआना'च्या दिवशीच लागला हे खरं, पण अमेरिकेत 2,382 चित्रगृहं मिळाली होती. इतक्या पडद्यांवर पहिल्या शनिवार-रविवारसह तीन दिवसांत सुमारे 16 लाख डॉलर, आणि एकूण गल्ला 40 लाखांच्या आत. ह्यूजच्या ओढीने आलेल्यांना बराच वेळ मार्ला आणि ड्रायव्हर फ्रँकचं प्रेमप्रकरण बघावं लागतं. लिली कॉलिन्स आणि ऑल्डन एरनराइक दोघंही काम चांगलं करतात, पण ती दोन्ही पात्रं काल्पनिक आहेत.