कागद नीट होते, पेट्या बंद होत्या

शाळांचे हिशोब तपासण्यात माझ्या नोकरीची बरीच वर्षं गेली. शाळेच्या ऑफिसात एका कोपऱ्यात टेबल लावून मिळायचं. पुढ्यात रोजकीर्द, खतावणी, बँकेचं पासबुक, व्हाउचरच्या फाइली आणि हजेरीपटांचा गठ्ठा. एकेक नोंद ताडून बघायची, खूण करायची, पुढे जायचं. बाहेर मधली सुट्टी व्हायची, मुलांचा गलका उठायचा, परत घंटा व्हायची, आणि मी आत बेरजा जुळवत असायचे.

त्यातला एक दिवस अजून डोक्यातून जात नाही. एका शाळेला प्रयोगशाळेच्या साहित्यासाठी आलेलं अनुदान मी तपासत होते. वेगवेगळ्या विक्रेत्यांची तीन दरपत्रकं होती. तुलनात्मक तक्ता, खरेदीचा ठराव, पुरवठा आदेश, बिल, माल मिळाल्याची सही, डेड स्टॉक रजिस्टरला, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, पान क्रमांकासकट नोंद. कुठे बोट ठेवायला जागा नाही. मी 'आक्षेप नाही' असं लिहून फाइल मिटली. निघताना व्हरांड्यातून चालले होते तर प्रयोगशाळेचं दार उघडं दिसलं. आत भिंतीला लागून सूक्ष्मदर्शकांची खोकी रचलेली होती. त्यांवरची चिकटपट्टीसुद्धा निघालेली नव्हती. माल येऊन पावणेदोन वर्षं झाली होती. तिथल्या शिक्षकांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, फुटलं, हरवलं तर भरून कोण देणार? तपासणीला सगळं जागेवर दिसलं पाहिजे ना."

तपासणीला. म्हणजे मला. मला दिसावं म्हणून ते सूक्ष्मदर्शक मुलांपासून दोन वर्षं लांब ठेवले होते. आणि माझ्या अहवालाच्या नमुन्यात 'वस्तू वापरात आहे का' असा रकानाच नव्हता. चोरी झालेली नव्हती. एका पैशाची अफरातफर नव्हती. तरीही जे पैसे मुलांसाठी आले होते ते मुलांपर्यंत पोचले नव्हते, आणि कागदोपत्री सगळं उत्तम होतं.

सरकारी पैसा घेणाऱ्या शाळांवर सरकारचं नियंत्रण कडक हवं, अशी मागणी अधूनमधून जोर धरते. मी त्या मागणीच्या बाजूने आहे, पूर्णपणे आहे. पैसा लोकांचा आहे, तेव्हा हिशोब लोकांना मिळालाच पाहिजे. पण 'कडक' या शब्दाचा अर्थ आपण जवळजवळ नेहमी आणखी एक नमुना, आणखी एक प्रमाणपत्र, आणखी एक सही असा लावतो. इतकी वर्षं हे काम केल्यावर माझं ठाम मत असं झालं आहे की देखरेखीची नजरच चुकीच्या जागी आहे. आपण कागद तपासतो. पैसा वर्गापर्यंत गेला का, हे ज्यांना रोज दिसतं त्या पालकांना आणि शिक्षकांना मात्र आपण हिशोबाच्या आसपासही फिरकू देत नाही.

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात एक मोठी ऑनलाइन शाळा होती, इलेक्ट्रॉनिक क्लासरूम ऑफ टुमारो. शाळा खासगी मंडळी चालवायची, पैसा सरकारचा, आणि तो पटावरच्या विद्यार्थ्यांच्या संख्येनुसार मिळायचा. शाळेने एका वर्षासाठी 15 हजारांहून जास्त विद्यार्थी दाखवले होते. राज्याच्या शिक्षण खात्याने मुलं खरोखर किती वेळ शिकत होती याच्या नोंदी मागितल्या, तेव्हा साधारण 6,300 विद्यार्थ्यांचाच हिशोब लागला. कोट्यवधी डॉलर परत करा असा आदेश निघाला आणि जानेवारी 2018 मध्ये, वर्ष अर्ध्यावर असताना, शाळा बंद पडली. हजारो मुलांना मधेच दुसरी शाळा शोधावी लागली. मला यात सगळ्यात जास्त काय लागलं असेल, तर याच शाळेला स्वच्छ हिशोबाबद्दल राज्याच्या लेखापरीक्षण कार्यालयाकडून आधी गौरव मिळालेला होता. त्या परीक्षकांनी डोळेझाक केली असेल असं मी म्हणणार नाही. जमा किती, खर्च किती, व्हाउचर आहे का, एवढंच त्यांनी पाहिलं असणार, आणि ते जुळत होतं. पैसा ज्या आकड्यावर आला तो आकडा खरा आहे का, हे पाहणं त्यांच्या कामात नसणार. माझ्याही नव्हतं. हजेरीपट माझ्यासमोर असायचे ते बेरजेसाठी. त्यातली नावं वर्गात बसलेली आहेत का, हे बघायला मी कधीच वर्गात गेले नाही.

कॅलिफोर्नियातलं प्रकरण तर त्याहून धक्कादायक. 2019 मध्ये ए-थ्री नावाच्या संस्थेशी संबंधित 11 जणांवर तिथे आरोप ठेवले गेले. त्यांनी मुलांच्या क्रीडा संघटनांना थोडेफार पैसे देऊन खेळाडू मुलांची माहिती गोळा केली आणि ती मुलं आपल्या ऑनलाइन शाळांच्या पटावर चढवली. त्यातल्या अनेक मुलांना आपण त्या शाळेत शिकतो हे माहीतच नव्हतं. पुढे प्रमुख सूत्रधारांनी गुन्हा कबूल केला. खोटा पट हा प्रकार कोणा एका देशाची खासियत नाही. जिथे दर डोई पैसा मिळतो आणि डोई मोजायला कोणी जात नाही, तिथे तो होतो. पालकांना आपल्या मुलाचं नाव कुठल्या शाळेच्या पटावर आहे हे एका जागी सहज पाहता आलं असतं तर हा खेळ इतका वाढला असता का?

खोट्या पटाखेरीज पैसा वळवायची दुसरी वाट अधिक सभ्य दिसते. शाळा चालवणारी संस्था वेगळी, शाळेची इमारत ज्यांच्या मालकीची ती कंपनी वेगळी, साफसफाई आणि संगणक पुरवणारी आणखी वेगळी, आणि सगळ्यांच्या मागे घर एकच. भाडं ठरवणारे तेच, घेणारेही तेच. प्रत्येक खर्चाला रीतसर बिल असतं, म्हणून आमच्यासारख्यांच्या तपासणीत हे सरळ निघून जातं. तीन दरपत्रकं एकाच हस्ताक्षरात आलेली मी पाहिली आहेत. तीन आहेत ना, नियम पूर्ण. इंग्लंडमध्ये सरकारच्या पैशावर चालणाऱ्या पण संस्थांच्या हाती असलेल्या अकॅडमी शाळांमध्ये असे व्यवहार इतके गाजले की नियम हळूहळू आवळावे लागले. आधी 2013 मध्ये आपल्याच माणसांकडून घेतलेल्या वस्तू-सेवांवर नफा घ्यायचा नाही असं ठरलं. मग एप्रिल 2019 पासून असा प्रत्येक व्यवहार आधी कळवायचा आणि तेव्हाच्या नियमाप्रमाणे 20 हजार पौंडांवरच्या व्यवहाराला आधी परवानगी घ्यायची, हे बंधन आलं. यातला 'आधी' हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. मी जी तपासणी केली ती सगळी नंतरची. पैसे गेल्यावर दोन वर्षांनी मी जायचे, आक्षेप लिहायचे, त्याचं अनुपालन, म्हणजे शाळेचं उत्तर, आणखी दोन वर्षांनी यायचं. तोवर मुख्याध्यापक निवृत्त, लिपिक बदलून गेलेला, आणि ती मुलं शाळा सोडून गेलेली. आक्षेप क्रमांक अमुक, निकाली.

स्वीडनने 1992 मध्ये खासगी शाळांना सरकारी पैशाची दारं उघडली आणि नफा काढायचीही मुभा दिली. तिथली जेबी एज्युकेशन ही मोठी शाळा-साखळी गुंतवणूक कंपनीच्या हाती गेली होती. तोट्यात गेल्यावर 2013 मध्ये ती कोसळली आणि सुमारे 10 हजार विद्यार्थी अडचणीत आले. हा घोटाळा नव्हता, सगळं कायद्यात बसून झालं. चिलीने 2015 मध्ये उलट दिशेने पाऊल टाकलं. सरकारी पैसा घेणाऱ्या शाळेने नफा काढायचा नाही, असा कायदाच केला. मला चिलीची बाजू पटते. शाळेकडे शिल्लक राहिली तर ती शाळेतच राहावी, यात वाद घालण्यासारखं काय आहे, हे मला प्रामाणिकपणे कळत नाही.

यावर संस्थाचालक म्हणतात की इतकी देखरेख आली तर आमची स्वायत्तता गेली. मी अनेक तळमळीची माणसं पाहिली आहेत, त्यांचं हे म्हणणं मी हलकं मानत नाही. काय शिकवायचं, कसं शिकवायचं, यात सरकारने नाक खुपसू नये हे मलाही मान्य आहे. पण इमारतीचं भाडं कोणाला जातं हे सांगण्याने कोणाच्याही शिकवण्याला धक्का लागत नाही.

उलट खरा जाच वेगळाच आहे आणि तो लहान, सरळमार्गी शाळांना होतो. एका मुख्याध्यापिकाबाईंनी गळका नळ दुरुस्त करायला स्वतःच्या पर्समधले पैसे दिले होते, कारण मंजुरीची फाइल फिरून येईपर्यंत पाणी वाहत राहिलं असतं. त्या खर्चाला पूर्वमंजुरी नाही म्हणून तो मी अमान्य केला होता. नियमाने बरोबर केलं. बाई काही बोलल्या नाहीत, फक्त मान हलवली. आजही ते आठवलं की मला वाईट वाटतं. त्याच शाळेला वर्षाचं अनुदान वर्ष संपायच्या तीन आठवडे आधी मिळालं होतं, आणि 'खर्च करा नाहीतर परत करा' असं पत्र सोबत होतं. त्या तीन आठवड्यांत काय काय घेतलं जातं, हे कुठल्याही शाळेच्या लिपिकाला विचारा. पैसा उशिरा सोडणारं ऑफिस मात्र कोणाच्याच आक्षेपात येत नाही. शाळेने पैसे कसे खर्चले याची तपासणी करताना, शाळेला पैसे कधी आणि किती मिळाले, याचीही तपासणी त्याच कागदावर व्हायला हवी.

युगांडाचं उदाहरण मी म्हणूनच सगळ्यांना सांगत असते. 1990 च्या दशकात तिथे प्राथमिक शिक्षणावरची तरतूद वाढत होती, तरी सरकारी आकड्यांत मुलांची संख्या वाढताना दिसत नव्हती. मग पैसा शाळेत पोचतो का हे पाहायला सुमारे 250 शाळांमध्ये जाऊन पाहणी झाली. 1991 ते 1995 या काळात, पगाराव्यतिरिक्तच्या खर्चासाठी दर विद्यार्थ्यामागे द्यायच्या अनुदानापैकी सरासरी 13 टक्केच शाळेपर्यंत पोचत होते. बहुसंख्य शाळांना काहीच मिळत नव्हतं. वरच्या कार्यालयाच्या वहीत रक्कम 'वितरित' होती. म्हणजे गळती शाळेत नव्हती, शाळेच्या वर होती. पुढे सरकारने कोणत्या जिल्ह्याला किती रक्कम सोडली हे वर्तमानपत्रांत छापायला सुरुवात केली आणि शाळेला किती मिळाले हे शाळेतच फलकावर लावायला सांगितलं. 2001 पर्यंत 80 टक्क्यांहून जास्त रक्कम शाळांपर्यंत जाऊ लागली. एवढं सगळं एकट्या वर्तमानपत्राने केलं असं कोणी म्हणू नये. त्याच काळात पैसे सोडण्याची पद्धत बदलली, फी माफ झाली, वरून दबावही होता, आणि अभ्यासकांनी हे दाखवून दिलं आहे. पण फलकाशिवाय गावातल्या माणसाला आपल्या शाळेला काय यायचं होतं हे कळलंच नसतं, हेही तितकंच खरं.

भारताच्या 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात याच विचाराचं बीज आहे. कलम 21 नुसार शाळा व्यवस्थापन समिती, तिच्यात किमान तीन चतुर्थांश पालक, निम्म्या महिला, आणि मिळालेल्या अनुदानाच्या वापरावर लक्ष ठेवणं हे तिच्या कामांपैकी एक. किती चांगलं कलम आहे हे! पण 2012 च्या दुरुस्तीने खासगी अनुदानित शाळांमध्ये ही समिती फक्त सल्ला देणारी राहिली. सरकारी पैसा आणि खासगी व्यवस्थापन जिथे एकत्र येतात, नेमकं तिथेच पालकांचा अधिकार सल्ल्यापुरता उरला. हे बदलायला हवं, आणि या पोस्टमधली माझी सगळ्यात ठाम मागणी हीच आहे. शिवाय समितीला अधिकार दिला तरी तिच्यापुढे ठेवला जाणारा हिशोब तिला वाचता आला पाहिजे. 'इतर आकस्मिक खर्च' असं लिहिलेल्या रकमेवरून कोणती आई प्रश्न विचारणार? यंदा एवढे पैसे आले, अमुक तारखेला आले, एवढ्यांची पुस्तकं घेतली, एवढे इमारतीच्या भाड्याला गेले, ती इमारत अमक्यांची आहे आणि ते संस्थेच्या अमक्या पदाधिकाऱ्याचे कोण लागतात. एका पानावर मावतं हे. मी असं पान तयार करून पाहिलं आहे, संध्याकाळभराचं काम आहे.

शाळेच्या लिपिकाबद्दलही सांगायला हवं. गैरव्यवहार होतो तेव्हा तो सगळ्यात आधी त्याला माहीत असतो. माझ्याशी दबक्या आवाजात बोलणारे, मग "माझं नाव कुठे येऊ देऊ नका" म्हणणारे कितीतरी लिपिक मला भेटले. त्यांची नोकरी त्याच संस्थेच्या हातात. त्यांना संरक्षण देणारी व्यवस्था नसेल तर आमच्यासारखे दहा परीक्षक पाठवूनही फारसं काही हाती लागणार नाही.

त्या खोक्यांचं पुढे काय झालं ते सांगते. पुढच्या वर्षी मी त्याच शाळेत गेले तेव्हा ऑफिसात बसण्याआधी प्रयोगशाळेत गेले. सोबत पालक समितीतल्या दोन बायकांना घेतलं. असा नियम नव्हता, मी मुख्याध्यापकांची परवानगी मागितली आणि त्यांनी दिली. रजिस्टरमधली एकेक वस्तू मी मोठ्याने वाचत गेले आणि त्या शोधत गेल्या. तीन सूक्ष्मदर्शक होते, एकाचं भिंग फुटलेलं. शिक्षक घाबरून माझ्याकडे बघत होते. मी त्या नोंदीपुढे लिहिलं, 'वापरात असताना तुटले, दुरुस्ती मंजूर करावी'. त्या दोघींपैकी एकीने उरलेल्यातल्या एका सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि विचारलं, "हे असं आहे, हे आम्हाला आधी का नाही दाखवलं?"