चार का, दोन का नाही?

आजवरचे माझे सगळे डॉक्टर समजूतदार होते. ते बीपी बघून "जरा चालत जा" म्हणायचे, मी "हो हो" म्हणायचो, की ते गोळ्या लिहायला मोकळे. या सुरळीत व्यवस्थेला नव्या डॉक्टरीणबाईंनी सुरुंग लावला.

"काका, उद्यापासून चालायला जाल याची खात्री दहापैकी किती?"

"चार," मी म्हणालो. आता रागावतील म्हणून मान खाली घालून तयार. रागावलेल्या डॉक्टरांपुढे कसं बसायचं हे मला पाठ आहे.

"चार का? दोन का नाही?"

"अहो, अगदीच दोन कसं? कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक घराजवळ आहे. पहाटे जाग येतेच. गुडघेही अजून बरे आहेत..." बोलता बोलता ध्यानात आलं, व्यायामाची वकिली मीच करतोय! बाई नुसत्या मान डोलावत होत्या. ही म्हणे हल्ली रीतसर शिकवली जाणारी पद्धत आहे. पेशंटवर उलटवायला पेशंटचंच तोंड वापरायचं.

मग गोळीखाली त्यांनी लिहिलं: 'भरभर चालणे, ३० मिनिटे, आठवड्यातून ५ दिवस.' म्हणजे १५० मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेचा किमान आकडा. रोज १०,००० पावलं काही जमायची नाहीत, असं मी कुरकुरून पाहिलं. तर तो आकडा १९६५ साली जपानात निघालेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आलाय, असं सांगून तीही पळवाट बुजवली.

"भरभर म्हणजे किती?"

"बोलता आलं पाहिजे, गाता येता कामा नये."

मेडिकलवाल्या पोरानं चिठ्ठी वाचली. "काका, हे दुसरं आपल्याकडे नाही येत." घरी सौ.नी ती फ्रीजवर चिकटवली.

ट्रॅकवर मी आरती म्हणून वेग तपासला. दुसरं कडवंही खणखणीत आलं. पुढच्या काकू दचकून बाजूला झाल्या, मागच्या आजोबांनी टाळ्यांचा ठेका धरला.

पुढच्या खेपेला बाईंनी बीपीच्या आधी चालणं विचारलं. जातो म्हणालो, ग्रुपही जमलाय. फक्त शेवट मिसळीवर होतो.

"मिसळ सोडाल याची खात्री, दहापैकी?"

"शून्य." आता विचारा म्हणावं, त्याच्या खालचं का नाही!

बाई हसल्या आणि लिहिलं: 'मिसळ महिन्यातून एकदा. जाता-येता चालत.'

नाशिकच्या नावाजलेल्या मिसळी बसल्यात गावाबाहेर, मळ्यांत. त्यामुळे सध्या ट्रॅकवर चालणं कमी आणि जवळात जवळ बऱ्यापैकी तर्री कुठे मिळते यावर खल जास्त चालू आहे.