कम्प्युटर काउंटरवर ठेवायच्या आधी कागद करून घ्या

तालुक्याच्या गावी कम्प्युटरची दुकानं एक नाहीतर दोन. दुकानदार ओळखीचा, कधी सोयऱ्यातला. म्हणून लोक बिघडलेलं मशीन दुरुस्तीला काउंटरवर ठेवतात, "पाहून घेजा भाऊ" म्हणतात आणि एसटी पकडतात. पुढच्या सगळ्या मनस्तापाचं मूळ इथंच आहे. पंधरा दिवसांनी "पार्ट नागपूरहून यायचा आहे", महिन्यानं "मदरबोर्डच गेला", आणि आपण काय दिलं होतं, कोणत्या हालतीत दिलं होतं, याचा एक ओळीचाही पुरावा नसतो. ओळख आहे म्हणून कागद मागायला लाजायचं, ही सवय आपण सोडली पाहिजे. कागद असला की ओळखही टिकते.

जॉब शीट, म्हणजे मशीन दुरुस्तीला दिल्याची पावती, मागा. दुकानात छापील नसेल तर वहीच्या पानावर दोन प्रती करा आणि एकीवर सही-शिक्का घ्या. त्यावर तारीख, मॉडेल, सिरीयल नंबर, सोबत दिलेला चार्जर आणि अंदाजे खर्च हवा. तक्रार नेमक्या शब्दांत लिहा. "चालत नाही" असं लिहू नका. "सुरू होतो, पंखा फिरतो, स्क्रीनवर काही येत नाही" असं लिहा. दोन वाक्यं आवर्जून घाला: "विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये" (फॉरमॅट म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्यानं टाकणं) आणि "ठरल्यापेक्षा जास्त खर्च असल्यास आधी फोन करावा". तेवढंही जमलं नाही तर काउंटरवरच्या मशीनचा फोटो आणि हाच मजकूर दुकानदाराच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. तारीख आणि वेळ आपोआप नोंदली जाते.

डेस्कटॉप असेल तर घरीच बाजूचं झाकण काढून रॅम (मेमरी), एसएसडी (डेटा साठवणारी डिस्क), मदरबोर्ड (सगळे पार्ट जोडणारा मुख्य बोर्ड) आणि एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) यांच्या स्टिकरचे फोटो काढा. परत आणल्यावर तेच नंबर ताडून पाहा. लॅपटॉपमध्ये कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि परफॉर्मन्समध्ये मेमरी पाहा. रॅम किती जीबी, किती स्पीडची आणि किती स्लॉट भरलेत, सगळं दिसतं. देताना एक फोटो, घेताना एक. नवी म्हणून एसएसडी बसवून दिली असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकटचं सॉफ्टवेअर टाका आणि "पॉवर ऑन अवर्स", म्हणजे ती किती तास चालली, ते पाहा. नव्या एसएसडीवर मोजकेच तास असतात. हजारात आकडा दिसला तर ती वापरलेली आहे, तिथंच उभं राहून बोला.

आता निदानाबद्दल, कारण पैसा सगळ्यात जास्त इथं जातो. वेबसाइट उघडत नाहीत, ब्राउझर सुरक्षेची सूचना दाखवतो आणि घड्याळात जुनंच साल दिसतं, तर तो बहुधा व्हायरस नसतो. मदरबोर्डवरची सीआर २०३२ ही नाण्याएवढी बॅटरी संपलेली असते. तारीख चुकली की वेबसाइटचं प्रमाणपत्र जुळत नाही, एवढंच कारण. यासाठी फॉरमॅट मारायची काहीच गरज नाही. बीपचा आवाज येतो पण डिस्प्ले नाही, तर आधी रॅम काढून तिचे सोनेरी दात खोडरबरनं पुसून परत बसवायचे. मेच्या उन्हात मशीन दहा-पंधरा मिनिटांत बंद पडतं आणि थंड झाल्यावर पुन्हा चालतं, तर प्रोसेसरच्या पंख्याखाली धूळ दाटलेली असते आणि थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा लेप) वाळलेली असते. जिनिंगजवळच्या गावांत तर कापसाचा फुफाटा वर्षभरात हीटसिंक (प्रोसेसर थंड ठेवणारा धातूचा भाग) बुजवून टाकतो. आणि कोणी "मदरबोर्ड गेला" म्हटलं तर एकच विचारा, "दुसरा एसएमपीएस लावून पाहिला का?" आपल्याकडं व्होल्टेज असं वर-खाली होतं की कॅबिनेटसोबत आलेला स्वस्त एसएमपीएस आधी मरतो. ज्यानं तो बदलून पाहिलेला नाही, त्याचं निदान पैसे देण्याच्या लायकीचं नाही.

फॉरमॅटचं नुकसान गावात फार मोठं असतं आणि ते कोणी धरत नाही. फॉरमॅटमध्ये सी ड्राइव्ह पुसला जातो. स्क्रीनवर डेस्कटॉपला ठेवलेल्या फायली त्यातच असतात, त्या जातात. कृतिदेवसारखे फॉन्ट जातात, मग जुनी मराठी पत्रं उघडली की इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो. डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर (ते चालवणारं सॉफ्टवेअर) जातो. टॅलीचा डेटा सी ड्राइव्हलाच असेल तर कृषी केंद्रवाल्याचा वर्षाचा हिशेब जातो. मशीन सुरू होत असेल तर देण्याआधी हे सगळं पेनड्राइव्हवर घ्या. सुरू होत नसेल तर दुकानदाराला सांगा, डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावून आधी डेटा काढा. तेवढ्या कामाचे पैसे त्यानं जरूर घ्यावेत.

बिलाचं ऐका. "बिल पाहिजे तर १८ टक्के वेगळे" हे वाक्य ऐकलं की पुष्कळ जण मागं सरतात. सरू नका. तारखेचं बिल नसेल तर कंपनी वॉरंटी बहुतेक वेळा वस्तू कारखान्यातून निघाल्याच्या तारखेपासून मोजते, आणि दुकानात पडून राहिलेले महिने तुमचे जातात. दुकानदाराला जीएसटी नोंदणी लागू नसेल, तरी साधं बिल त्यानं द्यायलाच हवं. बिलावर प्रत्येक पार्टचा सिरीयल नंबर लिहून घ्या. डबाबंद प्रोसेसरला कंपनीची ३ वर्षांची वॉरंटी असते. डब्याविना आलेल्या ट्रे प्रोसेसरला गिऱ्हाइकासाठी ती नसते, तिथं फक्त दुकानदाराचा शब्द असतो. किमतीत फरक का आहे, ते इथं कळतं.

दुकानदाराची अडचण खरी असते, हेही मान्य. वॉरंटीचा पार्ट त्याला नागपूर-अकोल्याच्या डीलरकडं पाठवावा लागतो आणि तिथून कधी येईल हे त्याच्या हातात नसतं. मग त्यानं कुरिअरची पावती दाखवावी. "दोन दिवसांनी चक्कर मारजा" म्हणून चाळीस किलोमीटरवरून माणसाची रोजी पाडायला लावणं, ही अडचण नव्हे, ही बेपर्वाई आहे.

बोलून भागलं नाही तर १५ दिवसांची मुदत देऊन स्पीड पोस्टानं पत्र पाठवा, पोचपावती जपा. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीत बोलता येतं. पुढं जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नाकारणं हीसुद्धा. तक्रार २ वर्षांच्या आत करायची. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लावायची सक्ती नाही, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शीच्या माणसानं नागपूरला लॅपटॉप घेतला असला तरी तक्रार अमरावतीला करता येते. पोटापाण्यासाठी स्वतः दाखले-अर्जांचं सेवा केंद्र चालवणाराही कायद्यानं ग्राहकच आहे, त्याच्या प्रिंटरची तक्रार धंद्याची म्हणून कोणी परतवू नये.

बदललेला जुना पार्ट मागून घ्या, विशेषतः हार्ड डिस्क. वॉरंटीत ती कंपनीकडं जाणार असेल तर आधी पूर्ण पुसून मागा. सेवा केंद्राच्या डिस्कवर अर्ध्या गावाचे आधार, पासबुक आणि सातबारे असतात, ती कोणाच्या भंगारात पडता कामा नये.