यादीत सगळं लिहायचं, तिचं तेवढं सोडून

आज वडगावात भाचीच्या लग्नाची यादी झाली, देणंघेणं कागदावर उतरवायची बैठक. डोकं अजून तापलंय.

कागदाला हळदकुंकू लागलं. हॉल कुणाचा, जेवण कुणाचं, अंगठी किती ग्रॅमची, मानपानाच्या साड्या कुणाकुणाला, सगळं ओळीनं उतरलं. मग भाची म्हणाली, "अण्णा, अजून एक ओळ घाला. माझ्या फ्लॅटमध्ये आईबाबाच राहतील आणि हप्ते लग्नानंतरही माझ्या पगारातून जातील."

बैठक गपगार. मुलाचे काका म्हणाले, "लग्नाआधीच काडीमोडाची तयारी?"

अंगठीचे ग्रॅम लिहिले की रीत, आणि पोरीनं आईबापाचं छप्पर लिहा म्हटलं की अभद्र!

बैठकीत एक वकील असतातच. म्हणाले, हे कोर्टात टिकायचं नाही. खरंय, म्हणून तर जास्त राग येतो. हिंदू लग्न म्हणे संस्कार, करार नव्हे, आणि लोकहिताविरुद्धचे करार रद्द ठरवणारं १८७२ च्या करार कायद्याचं कलम २३ आहेच आडवं पडायला. १९०१ साली कलकत्ता हायकोर्टानं घरजावई राहायचा करारसुद्धा रद्द ठरवला होता. पण चोर्ला घाट उतरा की गोव्यात १८६७ चा पोर्तुगीज दिवाणी कायदा. लग्नाआधी मालमत्तेचा करार नोंदवायचा, तो चालतो. आमच्या किती सोयरिकी तिकडच्या! तिथल्या पोरींचे संसार काय उधळले? आमच्या गल्लीत निकाहनाम्यात मेहेर, म्हणजे नवऱ्यानं बायकोला द्यायची रक्कम, लिहितात, तिथं कुणाला काडीमोड आठवत नाही.

मान्य, कागदावर संसार होत नाही. जोर असलेली बाजू उद्या 'पोटगी मागणार नाही' असंही लिहून घेईल. ते कोर्ट मानत नाही, एवढं नशीब.

पोरगा तसा चांगलाय हो. जाताना हळूच तिला म्हणाला, "मला चालतंय, पण काकांसमोर कसं बोलू?" कसंनुसं झालं होतं त्याला, मलाही वाईट वाटलं. पण अरे बाबा, बोलायचं होतं ते तिथंच! ती एकटी बोलली ना, सगळ्या पागोट्यांसमोर?

ती ओळ शेवटी घातलीच नाही.

बरं, हुंडाबंदीच्या १९८५ च्या नियमांत लग्नातल्या भेटवस्तूंची यादी करून नवरा-नवरीनं सह्या करायच्या असं आहे. आपल्यापैकी कुणी केलीय? स्त्रीधन बाईचंच, हेही सुप्रीम कोर्टानं त्याच वर्षी सांगितलंय. भाचीची ती यादी मी लिहिणार, सोनाराच्या पावत्या जोडून. आत्ती म्हणून तेवढा मान माझा. ज्यांना अभद्र वाटेल त्यांनी आहेर आणू नये, जेवून जावं.