सव्वापट मामा

फोटो काल रात्री पाठवला. आज सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी तो फॅमिली ग्रुपवर परत आला, उजव्या कडेच्या माणसाभोवती लाल गोल काढून. खाली एकच ओळ होती : 'हा कोण?'

ते माझ्या बायकोचे मामा होते. गोलही त्यांनीच काढला होता.

आधी माझी बाजू. घरगुती कार्यक्रम, सव्वीस माणसं, खोली लहान, दिवे मंद. अशा वेळी लोक फ्लॅश मारतात आणि सगळं घराणं पोलिसांनी पकडल्यासारखं दिसतं. माझ्याकडे २४ मिमी, एफ १.४ ची प्राइम, म्हणजे झूम न होणारी लेन्स आहे; एफचा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं भोक मोठं. फुल फ्रेमवर कर्णात मोजला तर ८४ अंशांचा कोन, आणि एफ २.८ च्या चौपट प्रकाश. ही लेन्स घेताना मी घरात जे भाषण केलं होतं त्यात 'अंधारातल्या कौटुंबिक प्रसंगांसाठी' असा खास उल्लेख होता. आता प्रसंग आला, तर माणसं तीन रांगांत उभी. एफ १.४ ला मधली रांग सुरेख आली असती आणि मागची धूसर होऊन फक्त आठवणीत राहिली असती. म्हणून अपर्चर, म्हणजे ते भोक, एफ ४ पर्यंत लहान केलं. तीन स्टॉप गेले, म्हणजे तीनदा निम्मा होत प्रकाश आठव्या हिश्श्यावर आला, आणि भरपाईला सेन्सरची संवेदनशीलता, आयएसओ, ८०० ची ६४०० झाली. ज्या १.४ साठी एवढा आटापिटा केला, ते लेन्सवर छापलेल्या आकड्यापुरतंच उरलं.

मामांचं लक्ष तेव्हाच लेन्सकडे गेलं होतं.

"जावईबापू, झूम किती?"

"झूम नाही मामा. ही प्राइम आहे."

"नाही? एवढं मोठं नळकांडं आणि झूम नाही?" त्यांनी खिशातून फोन काढला आणि समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा मोठा करून दाखवला. "हे बघा. याला म्हणतात झूम."

मला सांगता आलं असतं की माझी लेन्स आरशाच्या जमान्यातली आहे. कॅमेऱ्याच्या पोटात आरसा फिरायचा, म्हणून २४ मिमीच्या लेन्सची मागची काच सेन्सरपासून २४ मिमीवर ठेवायची सोयच नव्हती. मग अँजेनिउ नावाच्या फ्रेंच कंपनीने १९५० मध्ये उलट्या दुर्बिणीसारखी युक्ती ३५ मिमीच्या कॅमेऱ्यांसाठी बाजारात आणली, पुढे फाकवणाऱ्या काचा आणि मागे गोळा करणाऱ्या. तेव्हापासून आखूड लेन्स लांबलचक व्हायला लागल्या. पण सेकंदकाट्यासमोर फ्रेंच इतिहास टिकत नाही. मी म्हटलं, "झूम पायांनी करायचा असतो, मामा." आणि एक पाऊल मागे घेतलं. मागे कपाट होतं. त्याची मूठ माझ्या पाठीत बसली ती अजून तिथेच आहे.

असो. सगळ्यांना त्या कपाटाच्या बाजूला उभं केलं, टायमर लावला, फोटो काढला, पाठवला. आणि सकाळी लाल गोल.

साडेसहाला फोन आला.

"जावईबापू, मी वर्षभरात अकरा किलो उतरवले. रोज पहाटे पाच किलोमीटर चालतो."

"हो मामा, दिसतंय ना."

"कुठे दिसतंय? तुम्ही एका क्लिकमध्ये परत चढवलेत. आणि माझ्या साडूला बारीक केलंत."

साडू मधोमध उभे होते. कुठल्याही फोटोत ते मधोमधच उभे असतात. त्यांना मी बारीक केलेलं नाही, ते आहेत तेवढेच आलेत. कडेचा माणूस मात्र रुंद होतो, आणि किती होतो हे अगदी शाळेतल्या गणितातलं आहे. सेन्सर ३६ मिमी रुंद, म्हणजे मधापासून कडेपर्यंत १८. लेन्स २४ ची. १८, २४ आणि तिसरी बाजू ३०. तीन-चार-पाचचा त्रिकोण! तीस भागिले चोवीस, सव्वा. एका ओळीतल्या सगळ्यांची उंची तीच राहते, फक्त अगदी कडेच्या माणसाचं डोकं आणि पोट सव्वापट रुंद होतं. टॉर्चसमोर चेंडू बाजूला धरला की भिंतीवरची सावली लांबुडकी पडते, तसंच. यात लेन्सचा काडीचा दोष नाही. काच काढून सुईने पाडलेलं भोक लावलं असतं तरी मामा तेवढेच आले असते.

हे मी त्यांना सांगितलं. तसं सांगायची काही गरज नव्हती.

"म्हणजे सव्वापट आहे हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो, पण ते खरं म्हणजे बरोबर आहे. फोटो योग्य अंतरावरून बघितला तर डोळ्याला तुम्ही नेहमीएवढेच दिसाल."

"किती अंतरावरून?"

मी हिशेब केला. फोन आडवा धरला तर फोटो साडेदहा सेंटीमीटर रुंद दिसतो. ३६ च्या सेन्सरला २४ ची लेन्स, म्हणून त्याचे दोन तृतीयांश.

"सात सेंटीमीटर."

पलीकडे बराच वेळ खुडबुड ऐकू आली.

"धरला. काही दिसत नाही."

"एक डोळा मिटा. आणि उघडा डोळा फोटोच्या मधोमध ठेवा. स्वतःकडे तिरकं बघायचं."

"मधोमध कोण आहे?"

मी गप्प बसलो.

"म्हणजे माझं पोट बघायला मी साडूच्या पोटावर नाक टेकवू?"

भूमितीच्या कुठल्याही पुस्तकात या प्रश्नाला उत्तर नाही. आणि माझा खरा राग पुस्तकांवर नाहीच, लेन्सचे रिव्ह्यू करणाऱ्यांवर आहे. विटांच्या भिंतीचे फोटो काढतात, कोपऱ्यातल्या ताऱ्यांना पंख फुटतात का ते चारशे टक्के मोठं करून बघतात, कडा किती काळवंडतात त्याचे आलेख काढतात. विकत घेण्यापूर्वी मी असले अकरा तास बघितले. त्यात एकाही माणसाने कोपऱ्यात मामा उभा केलेला नव्हता. सपाट भिंत कडेलाही सपाटच राहते हो. गोल असतो तो माणूस.

चित्रकारांना हे जुनं दुखणं माहीत होतं. इटलीच्या राफाएलने १५०९ ते १५११ मध्ये 'स्कूल ऑफ अथेन्स' हे भित्तिचित्र रंगवलं. त्यात उजवीकडे दोघांच्या हातात चेंडूसारखे गोल आहेत. काटेकोर नियमाने ते लांबट यायला हवेत. याने सरळ गोल काढले. आणि त्यांच्या शेजारी, चित्राच्या उजव्या कडेजवळ, स्वतःला उभं केलं. व्यवस्थित सडपातळ! कुणी त्याला सकाळी साडेसहाला फोन केला नाही. हीच लबाडी आता काही फोन न विचारता करतात, कडेचे चेहरे गुपचूप गोल करून देतात, आणि लोक म्हणतात कॅमेरा चांगला आहे.

शेवटी मीही लबाडी केली. असे फुगलेले कडेचे लोक आवरणारं सॉफ्टवेअर मिळतं. मामा सडपातळ झाले. पण गोल वस्तू गोल ठेवायच्या तर सरळ रेषा वाकतात, दोन्ही एकदम मिळत नाही. सुधारलेला फोटो टाकल्यावर पाच मिनिटांत यजमानांचा निरोप : 'आमचं कपाट वाकडं का दिसतंय?' तेच कपाट. मला त्याच्याबद्दल अजिबात सहानुभूती नव्हती.

तोवर भाच्याने त्याच्या फोनमधला फोटो टाकला होता. तो म्हणे दाराबाहेर जाऊन, पॅसेजमधून काढला. माणसं मुंगीएवढी, मागची रांग धुरकट, एकाचे डोळे मिटलेले. त्याला एकवीस बदाम आले. मामांनी लगेच तो डीपीला लावला, स्वतःपुरता कापून. कापून म्हणजे झूम करून, हे वेगळं सांगायला नको.

एवढ्यावर मी सोडून दिलं असतं. पण संध्याकाळी मामांचा पुन्हा फोन आला, आवाज निवळलेला. सकाळी जरा जास्त बोललो, मनावर घेऊ नका वगैरे. मीही नरमलो. म्हटलं, मामा, अहो मी स्वतः डाव्या कडेला आहे. टायमरच्या दहा सेकंदांत कॅमेऱ्यापासून धावत जाणाऱ्याला कडेचीच जागा मिळते. मीही सव्वापटच आलोय, जेवढे तुम्ही तेवढाच मी.

मामांनी फोटो पुन्हा उघडला असावा. थोडा वेळ शांतता.

"तुम्ही?" ते मनापासून म्हणाले. "छे छे, तुम्ही अगदी बरोबर आला आहात, जावईबापू. आहात तस्से."